सर्व्हरचा बॅकअप: ढकलायचा की ओढायचा?

कळसूत्र:
मुख्य सर्व्हरवर बॅकअपच्या जागेची किल्ली (पासवर्डऐवजी लॉगिनला चालणारी एसएसएच की) ठेवणं मला मुळातच पटत नाही. सर्रास दिसणारी मांडणी अशी: भाड्याचा लिनक्स सर्व्हर डेटा सेंटरमध्ये, रात्री दोनला क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारा प्रोग्रॅम) सुरू होतो आणि आरसिंक (फाइलींच्या प्रती नेणारं साधन) एसएसएचवरून (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी) ऑफिसातल्या मशीनवर डेटा ढकलतो. सर्व्हर फोडणाऱ्याला ती किल्ली आयती सापडते. तो आधी बॅकअप पुसतो, मग खंडणी मागतो. म्हणून दिशा उलटी करा. ऑफिसातल्या मशीनने आत जाऊन डेटा ओढून आणावा, सर्व्हरला बॅकअप कुठे जातो याचा पत्ताही नसावा.

उलट दिशेच्या किल्लीला वेसण घालता येते. बॅकअपपुरती वेगळी ईडी२५५१९ प्रकारची किल्ली बनवा. सर्व्हरवरच्या ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये (कुठल्या किल्ल्यांना आत घ्यायचं याची यादी) तिच्या ओळीच्या सुरुवातीला 'रिस्ट्रिक्ट' लिहा, पुढे 'कमांड'मध्ये 'आरआरसिंक -आरओ /एसआरव्ही'. पहिल्याने पोर्ट फॉरवर्डिंग, एजंट फॉरवर्डिंग, टर्मिनल सगळं बंद होतं. आरआरसिंक ही आरसिंकबरोबरच येणारी स्क्रिप्ट, ती तेवढ्या फोल्डरातून फक्त वाचू देते. रूट (सर्वाधिकारी खातं) म्हणूनच वाचायचं असेल तर एसएसएचडीच्या (एसएसएचची सर्व्हरवरची बाजू) सेटिंगमध्ये 'परमिटरूटलॉगिन'पुढे 'फोर्स्ड-कमांड्स-ओन्ली' टाका. इथे बरेच जण अडकतात ते मार्गावर: आरआरसिंक लावल्यावर तो फोल्डरच मूळ धरला जातो. ओढताना पुन्हा पूर्ण मार्ग दिला की 'फाइल नाही' असं उत्तर येतं. आणि आरसिंकच्या '-एएचएएक्स' (परवानग्या वगैरे जपणारे पर्याय)सोबत 'न्यूमेरिक-आयडीज' विसरू नका, नाहीतर परत आणलेल्या फाइलींचे मालक बदललेले असतात.

घिसाडी:
सहमत नाही. तुम्ही धोका घालवला नाही, एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर ठेवला. दहा सर्व्हर ओढणारं मशीन म्हणजे दहाही घरांच्या किल्ल्या एकाच खिळ्याला. 'फक्त वाचन' म्हणजे निरुपद्रवी नव्हे. रूटने सगळं वाचता आलं की शॅडो फाइल (पासवर्डांचे हॅश), टीएलएसच्या (वेबसाइटच्या एन्क्रिप्शनच्या) खाजगी किल्ल्या, डेटाबेसचे पासवर्ड, सगळं त्या मशीनवर उघडं पडतं. आणि ते मशीन असतं कुठे? ऑफिसात टेबलाखाली, यूपीएसच्या शेजारी.

त्यापेक्षा बोर्गने (एन्क्रिप्शनसह बॅकअप घेणारं साधन) ढकला. डेटा सर्व्हरवरच एन्क्रिप्ट होतो, साठवणाऱ्याला नुसते गठ्ठे दिसतात. बॅकअप मशीनवरच्या 'कमांड'मध्ये 'बोर्ग सर्व्ह', त्याला 'अपेंड-ओन्ली' आणि 'रिस्ट्रिक्ट-टू-रिपॉझिटरी'. किल्ली चोरीला गेली तरी चोराला भर घालता येते, पुसता येत नाही. पासफ्रेज मात्र तिसऱ्या जागी कागदावर हवा. सर्व्हर गेला आणि पासफ्रेज त्याच्यावरच होता, तर बॅकअप असून नसल्यासारखा.

कळसूत्र:
अपेंड-ओन्लीवर एवढा भरवसा नको. त्या अवस्थेत चोराने 'डिलीट' चालवलं तर ते यशस्वी झालेलंच दिसतं, संग्रह यादीतून जातात, जुना डेटा फक्त डिस्कवर पडून राहतो. पुढच्या रविवारी तुमचाच क्रॉन पूर्ण अधिकाराने 'कॉम्पॅक्ट' (पुसलेल्याची जागा मोकळी करणं) करतो आणि खेळ खलास. रेस्टिक या बोर्गसारख्याच साधनामध्येही तेच, वेगळ्या वाटेने. 'शेवटचे ७ ठेव' असा नियम असेल तर चोर ७ रिकामे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या प्रती) टाकतो, खरे तुमचं 'फर्गेट' (जुने काढून टाकणारी आज्ञा) उडवतं.

घिसाडी:
म्हणून छाटणी क्रॉनवर सोडायचीच नाही. महिन्यातून एकदा यादी डोळ्यांखालून घालून हाताने करावी. तुमच्या ओढण्यातही हा रोग आहेच की! 'डिलीट' लावून आरसा ठेवला असेल तर खंडणीखोराने कुलूपबंद केलेल्या फाइली त्याच रात्री चांगल्या प्रतींवर बसतात.

कळसूत्र:
मान्य. ओढल्यावर लगेच झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमचा स्नॅपशॉट हवाच, शिवाय आरसिंकला 'मॅक्स-डिलीट'ची मर्यादा. पण तो स्नॅपशॉट पुसायचा अधिकार सर्व्हरकडे कधीच नसतो. माझा मुद्दा एवढाच.

एकतारी:
तुम्ही दोघं किल्लीवरून भांडताय आणि २२ नंबरचा पोर्ट साऱ्या जगाला उघडा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार सापडलं, जुलैत ओपनएसएसएचमधली 'रेग्रेशन' नावाची त्रुटी. दोन्ही लॉगिनच्या आधीच्या टप्प्यावरचे, तिथे तुमचं 'रिस्ट्रिक्ट' पोचतच नाही. पुढे वायरगार्ड (दोन मशीनमधला एन्क्रिप्टेड बोगदा, व्हीपीएन) लावा. अनोळखी किल्लीला तो उत्तरच देत नाही. 'अलाउड-आयपीज'मध्ये समोरच्याचा एकच पत्ता, /३२ सकट. तिथे सगळे शून्य टाकले की ऑफिसचं सगळं इंटरनेट बोगद्यातून वाहू लागतं. २२ पोर्ट फायरवॉलने फक्त बोगद्याकडून उघडा ठेवा. एसएसएचडीच्या 'लिसन-अ‍ॅड्रेस'मध्ये बोगद्याचा पत्ता लिहू नका. रीबूटनंतर वायरगार्ड उशिरा उठला की तो पत्ता अस्तित्वातच नसतो आणि एसएसएचडी त्यावर बसत नाही.

लॉगिन होतं पण मोठी फाइल मध्येच गोठते, अशी तक्रार असेल तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बघा. मूळ १४२० असतो. पीपीपीओई (काही ब्रॉडबँडची पद्धत) जोडणीवर १४१२, तरी जमलं नाही तर १३८०.

टाचण:
+१. फक्त २२ बंद करण्याआधी होस्टिंगवाल्याचं वेब कन्सोल (एसएसएच बंद असतानाही ब्राउझरमधून सर्व्हरवर जायची सोय) चालतंय ना ते बघा.

आडवाट:
वाद तत्त्वाचा वाटतो, पण बऱ्याच ऑफिसांत तो जोडणीच ठरवते. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे (एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटणारी सोय) आहात. बाहेरून आत कुणी येऊच शकत नाही, ढकलणं बोगद्याशिवाय अशक्य. ओढणं मात्र आतून बाहेर जातं, त्याला काही अडत नाही. अशा वेळी ऑथराइज्ड-कीजच्या 'फ्रॉम'मध्ये (किल्ली कुठल्या पत्त्यावरून चालेल ते) बोगद्यातला पत्ता द्या, ऑफिसचा बाहेरचा पत्ता बदलत राहतो.

कळसूत्र, तुमच्या मांडणीत एक हिशेब राहिलाय. २०० जीबी १०० एमबीपीएसने ओढायला साडेचार तास. पण सर्व्हर उभा करायच्या दिवशी तोच डेटा ऑफिसातून वर चढवायचाय. अपलोड २० एमबीपीएस असेल तर २२ तासांच्या वर. तोवर दुकान बंद.

कळसूत्र:
बरोबर. डेटाबेसचा ताजा डंप (सगळा डेटा एका फाइलमध्ये काढलेला) आधी चढवायचा, जुनी चित्रं आणि जोडपत्रं मागून. डंप काढलेला हवा, चालू मायएसक्यूएलचा फोल्डर तसाच ओढला तर प्रत विसंगत निघते. इनोडीबीसाठी (मायएसक्यूएलची साठवणपद्धत) 'सिंगल-ट्रान्झॅक्शन' लावून मायएसक्यूएलडंप, तो संपल्यावरच ओढणं सुरू. दोन-चार सर्व्हर असतील तर मी ओढूनच घेईन. वीस झाले तर घिसाडींची किल्ल्यांची हरकत जड आहे.

टाचण:
अजून दोन गोष्टी. क्रॉनच्या स्क्रिप्टमध्ये होस्ट-कीची (सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली) तपासणी 'नो' करून ठेवलेली सगळीकडे दिसते. तसं केलं तर समोर कोण आहे हे बघितलंच जात नाही. 'कीस्कॅन'ने आणलेली किल्लीही आंधळीच, ठसा वेब कन्सोलवरून 'कीजेन -एलएफ'ने पडताळा. आणि लॉग. सर्ट-इनच्या (भारत सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ते १८० दिवस ठेवावे लागतात, फोडलेल्या सर्व्हरवरचे लॉग तर चोरच पुसतो. आरआरसिंकच्या एका ओळीत एकच फोल्डर बसतो, तेव्हा लॉगच्या फोल्डरासाठी दुसरी किल्ली, दुसरी ओळ.