थीम विकत घेण्याआधी हे करून बघा

वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) चर्चची साइट केली, पण नवी सूचना टाकली की मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वेळा खाली जातात, असा मूळ प्रश्न. त्यावर वर कुणीतरी विकतची थीम, म्हणजे साइटच्या रूपाचा तयार साचा, सुचवलीय. कशाला? 'सेटिंग्ज'मधल्या 'रीडिंग'मध्ये स्थिर पान हे मुखपृष्ठ म्हणून निवडा आणि सूचनांना वेगळं पान द्या. मुखपृष्ठावर मिस्साच्या वेळा, पत्ता, कार्यालयाचा फोन, बस. मुंबईत एकाच चर्चमध्ये मराठी, कोंकणी, इंग्रजी मिस्सा असतात, तेव्हा भाषा आणि वेळ शेजारी शेजारी हवी.

खरी डोकेदुखी देवनागरीची. शीर्षक मराठीत लिहिलंत की दुवाही मराठीत बनतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ दिसते. एकेका अक्षराची नऊ चिन्हं होतात, काना-मात्रा वेगळी मोजून. त्यामुळे प्रकाशित करण्याआधी दुव्याचा मजकूर रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांत लिहा. नंतर बदलू नका, लोकांनी पुढे पाठवलेले असतात.

फॉन्टसाठी 'मुक्त' (Mukta) नावाचा फॉन्ट घ्या. मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला आहे, फुकट आहे, देवनागरी-रोमन दोन्ही त्यात. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, नाहीतर वेलांट्या वरच्या ओळीला चिकटतात.

सेटिंग्जमध्ये टाइमझोन कोलकाता, म्हणजे भारतीय वेळ, ठेवलाय ना? नसेल आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) तसाच राहिला असेल, तर वेळ लावून ठेवलेली रविवारची सूचना साडेपाच तास उशिरा येईल, म्हणजे सकाळची मिस्सा संपल्यावर. आणि साप्ताहिक पत्रक नुसतं पीडीएफ म्हणून चढवू नका, मोबाइलवर कुणी उघडत नाही.