तीन कोटेशनं म्हणजे व्यवहार स्वच्छ?

सरकारी कॉलेजांच्या लॅबसाठी झालेल्या मशीन खरेदीत घोटाळ्याचा आरोप आहे, त्यावर वर एकांनी लिहिलंय की तीन कोटेशनं (दरपत्रकं) घेतली होती, सगळ्यात कमी दराची निवडली, मग घोटाळा कुठून आला? हे मला पटत नाही. कोटेशनं तीन असली तरी ती आणून देणारा माणूस एकच असू शकतो, आणि स्पेसिफिकेशनच, म्हणजे मशीन कसं हवं त्याचं वर्णनच, एखाद्या कंपनीच्या मॉडेलवरून उतरवून काढलं असेल तर ई-निविदेतही बाकीचे आपोआप बाद होतात. तेव्हा दर नंतर बघा, आधी स्पेसिफिकेशन कुणी लिहिलं ते विचारा.

दुसरं, आरोप फक्त जादा दराचा धरू नका. परभणीकडच्या ज्या सरकारी कॉलेजात मी शिकलो, तिथं एक टेस्टिंग मशीन खोक्यातच पडून होतं. ते चालवायला लागणारी थ्री-फेज विजेची लाइन लॅबमध्ये नव्हती, पण कागदावर मशीन बसवून चालवून दाखवल्याची सही होती आणि बिलही निघालं होतं. आम्ही पोरांनी ते प्रात्यक्षिक फळ्यावरच्या आकडेमोडीवर उरकलं. खेड्यातून आलेल्या, बाहेर कुठं क्लास परवडत नसलेल्या मुलांचं हे नुकसान आहे, त्याचा मला आजही राग येतो.

म्हणून माहिती अधिकारात नुसत्या बिलांच्या झेरॉक्स मागू नका. 2005 च्या कायद्याच्या कलम 2(ञ) मध्ये कामाची आणि अभिलेखांची पाहणी करण्याचा हक्कही आहे. अर्जात डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही), इन्स्टॉलेशन रिपोर्ट (मशीन बसवल्याचा अहवाल) आणि लॉगबुक (वापराची नोंदवही) यांची आणि प्रत्यक्ष मशीनची पाहणी मागा. रजिस्टरमधला सिरीयल नंबर मशीनवरच्या पट्टीशी जुळतो का, ते तिथंच कळेल.