मदत हवी आहे: घरी ख्रिसमसचं रीथ (दाराला लावायचं पानांचं गोल कडं) बनवायचंय, पानं टिकवायची कशी?

नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्यात चरईला राहतो आणि समोरच्या फ्लॅटमधल्या आंटी दरवर्षी दाराला रीथ लावतात, यंदा गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना जमणार नाहीये म्हणून मी आणि लेकीने ठरवलंय की आपणच करून द्यायचं, आणि प्लास्टिकचं अजिबात नको, खऱ्या पानांचंच हवं.

रिंगसाठी मधुमालतीच्या ओल्या वेली गोल वळवून सुतळीने बांधल्यात, ती मस्त घट्ट झालीये. हिरवळीसाठी सोसायटीतल्या मोरपंखीच्या फांद्या आणि सजावटीला सुरूच्या झाडाची ती छोटी खरखरीत फळं, ती इतकी गोड दिसतात ना! पण मोरपंखी दोन दिवसांतच टोकाकडून तपकिरी पडायला लागते, आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी कडक ऊन असतं आणि त्यांचं दार नेमकं पश्चिमेला. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग पाणी करून फांद्या त्यात उभ्या ठेवायच्या असं वाचलंय, पानं मऊ राहतात म्हणे. मोरपंखीवर कोणी करून बघितलंय का? की सरळ सुरूच वापरू?

आणि आंटींना टेबलावरचं अॅडव्हेंटचं, म्हणजे ख्रिसमसआधीच्या चार रविवारांचं, रीथ पण हवंय, चार मेणबत्त्यांचं, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी. जांभळ्या जाड मेणबत्त्या जांभळी नाक्याला मिळतील का, की वाशीला जावं लागेल? आणि सुक्या पानांजवळ ज्योत नको म्हणून मेणबत्तीखाली नेमकं काय लावता तेही प्लीज सांगा, त्याचीच जास्त काळजी वाटतेय.