कबड्डीच्या मुलग्यांशी बाई-पुरुष, मारहाण, छेडछाड यावर बोलायचंय. मैदानावरच कसं जमवावं?

मैदानकर
तालुक्याच्या गावातला सराव आहे. २६ मुलगे, वय १३ ते १७, आठवड्यातून पाच संध्याकाळी. मुलींविषयीची भाषा, एसटी स्टँडवरची टवाळी, फोनवर फिरणारे फोटो, घरातली मारहाण, या सगळ्यावर नीट बोलायचं आहे. व्याख्यान आणि शपथ हा प्रकार शाळेत होऊन गेला, उपयोग शून्य. किती वेळ द्यावा, सुरुवात कुठून करावी, कुठे फसतं? पैसे, प्रोजेक्टर वगैरे काही नाही.

फक्कीची रेघ
शंभर मुलांच्या व्याख्यानात एकालाही तोंड उघडावं लागत नाही, म्हणून ते वाया जातं. तुमच्याकडे रोज भेटणारा संघ आहे, याहून जास्त काही लागत नाही. अमेरिकेत 'कोचिंग बॉइज इन्टू मेन' नावाचा कार्यक्रम याच तत्त्वावर चालतो: हंगामात साधारण १२ आठवडे, आठवड्यातून एकदा १५ मिनिटं, आणि बोलणारा बाहेरचा पाहुणा नाही, प्रशिक्षक स्वतः. मुंबईत त्याच धर्तीवर 'परिवर्तन' हा उपक्रम क्रिकेटच्या प्रशिक्षकांना घेऊन झाला, शाळांत आणि गोवंडीच्या शिवाजीनगरमध्येही.

२६ जणांना एकत्र बसवू नका. १३-१४ वर्षांचे एका दिवशी, १५ ते १७चे दुसऱ्या दिवशी. सतरा वर्षांच्या पोरासमोर तेराचा गप्पच राहतो. वेळ सरावाआधीची. नंतर सगळे दमलेले, भुकेले असतात, लक्ष सायकलीकडे. गोल करून बसा, तुम्हीही खाली. शिट्टी खिशात.

पहिले दोन आठवडे मुलींचा विषय काढूच नका. सुरुवात त्यांच्यापासून करा: पाय मुरगळला तर कोणाला सांगतोस, रडू आलं तर काय करतोस, 'बायल्या' आणि 'बांगड्या भर' कोण कोणाला कधी म्हणतं. आधी आरोपी केलं की पोरं मिटतात. शिवाय या शिव्यांमध्येच सगळं आलं: मुलगी असणं हा अपमान, हे त्यांनी मैदानावरच शिकलेलं असतं, बरेचदा प्रशिक्षकाच्या तोंडून.

तिसऱ्या आठवड्याला फक्कीने दोन मोठी वर्तुळं आखा, एक आईच्या दिवसाचं, एक वडिलांच्या. प्रत्येक तासाला एक खडा. झोप, शेत, पाणी, स्वयंपाक, गुरं, पारावरच्या गप्पा, असे कप्पे मुलांनाच पाडू द्या. आईचे खडे २४च्या वर जातात, कारण ती भाकरी करताना पोरही सांभाळते. तिथे थांबून विचारा, जास्तीचे खडे कुठून आले. इथला ठरलेला खड्डा म्हणजे 'आई महान असते' ही आरती. ती सुरू झाली की खडे हलवायला लावा: कोणता खडा कोणाकडे जाऊ शकतो? मग सात दिवसांसाठी एकच काम, स्वतःची जर्सी स्वतः धुवायची. पुढच्या आठवड्याला 'धुतलीस का?' विचारू नका, 'घरात कोण काय म्हणालं?' विचारा. बऱ्याच घरांत आजी किंवा आईच हातातून बादली काढून घेते, आणि खरी चर्चा तिथून सुरू होते.

तिसरी घंटा
वरचं पटतं. मतं घेण्याच्या खेळाबद्दल एक सावधगिरी. 'मुलगी नाही म्हणते तेव्हा तिच्या मनात हो असतं' असं वाक्य सांगून सहमत एका टोकाला, असहमत दुसऱ्या टोकाला उभे करतात. संघात हे हमखास बिघडतं, कारण कप्तान जिकडे, संघ तिकडे. डोळे मिटून बोट वर करायला सांगा. आकडा जाहीर करा, नावं नको. आणि तुमचं मत शेवटी.

सहाव्या आठवड्यापासून सराव करायचा तो मित्राला अडवण्याचा. चार वाटा पुरतात: सरळ 'बास कर' म्हणणं, लक्ष दुसरीकडे वळवणं ('चल, चढाईला उशीर होतोय'), मोठ्या कोणाला बोलावणं, आणि तेव्हा जमलं नाही तर नंतर त्या मुलीला 'ठीक आहेस ना' विचारणं. मुलांना दुसरी वाट सगळ्यात सोपी जाते, कारण त्यात मैत्री तुटत नाही. तिचीच दहा-दहा वेळा तालीम घ्या. एक प्रसंग दोन मिनिटांचा.

मुलग्याला मुलीची भूमिका कधीही देऊ नका. ओढणी, बारीक आवाज, कंबर हलवणं सुरू होतं आणि हसण्यात सगळं बुडतं. मुलगी प्रसंगाबाहेर ठेवा. दोन मित्र, एक फोन, एक फोटो, 'पुढे पाठवू का?' एवढं पुरे.

दुसरं, 'आयाबहिणींचं रक्षण करा' हे वाक्य तोंडातून काढू नका. राखीपौर्णिमेच्या भाषणात ते गोड लागतं, पण मुलगे त्याचा अर्थ 'बहिणीवर नजर ठेवा' असा घेतात. मग ती कोणाशी बोलते, फोनवर कोण आहे, क्लासहून उशीर का झाला, याची चौकशी सुरू होते. बहिणीची मोकळीक कमी झाली तर कार्यक्रम उलटा पडला. राखणदारी शिकवू नका, शेजारी बसलेल्या दोस्ताला थांबवायला शिकवा.

कलम एकोणीस
फोनचा विषय घेणार असाल तर एक नियम आधी: 'दाखव बघू' म्हणायचं नाही, स्वतःच्या मोबाइलवर घ्यायचं नाही, स्क्रीनशॉट नाही. अठराच्या आतल्या कोणाचाही तसला फोटो बाळगणं आणि पाठवणं हाच गुन्हा असू शकतो. हेतू चांगला होता हे नंतर समजावत बसावं लागेल.

पहिल्याच बैठकीत सांगा की इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, पण कोणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर मला पुढे सांगावं लागेल. 'कोणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अठराखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं कोणावरही बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. यात मुलगेही येतात. पुरुषपणावर बोलणं सुरू झालं की एखादा मुलगा स्वतःवर झालेलं सांगू शकतो, त्याची तयारी ठेवा. त्याला चारचौघांत खोदून विचारू नका. बाजूला बसा, त्याच्याच शब्दांत ऐका, मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ला, फोन लावा.

वडील आईला मारतात असं कळलं तर वडिलांना जाब विचारायला घरी जाऊ नका. तुमची पाठ वळली की राग आईवर आणि सांगणाऱ्या पोरावर निघतो. आईपर्यंत १८१ ही महिला हेल्पलाइन आणि संरक्षण अधिकाऱ्याचा (कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) पत्ता पोचवा. पोलीस ठाण्यात महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष असेल तर तिथे समाजकार्यकर्ती भेटते. पुढचं पाऊल कधी टाकायचं ते आई ठरवेल. मारहाण चालू असेल तर मात्र पोलिसांसाठी थेट ११२.

मैदानकर
खूप उपयोगी. शिव्यांसाठी आईबहिणीवरून बोलला की २० बैठका असा दंड लावायचा विचार आहे. आणि बदल मोजायचा कसा?

फक्कीची रेघ
बैठका नकोत. बलवान माणूस शारीरिक शिक्षा देऊन वळण लावतो, हाच धडा घरात मारणाऱ्याकडेही असतो. शिवी आली की समोरच्या संघाला एक गुण. खेळाडूला गुण झोंबतो, आणि दोन-तीन डावांत संघच एकमेकांना आवरायला लागतो. नियम तुम्हालाही लागू, नाहीतर सोडून द्या.

तिसरी घंटा
मोजण्यासाठी 'जेम स्केल' नावाची प्रश्नावली प्रसिद्ध आहे, बाई-पुरुष समानतेबद्दल माणूस काय मानतो ते मोजणारी. ब्राझीलमध्ये तयार झाली, २४ विधानांची, मुंबईतल्या कामातही वापरली. पण बारा आठवडे तुमच्यासमोर बसलेला मुलगा 'बरोबर उत्तर' काय ते ओळखतो. कागदावरचं मत लवकर सुधारतं, वागणं मागे राहतं. मुंबईच्या महापालिका शाळांत २००८ पासून सहावी-सातवीसाठी मुलगा-मुलगी समानतेवरचा 'जेम्स' कार्यक्रम झाला. तिथे शाळाभरच्या नुसत्या मोहिमेपेक्षा वर्गातल्या गटचर्चा आणि मोहीम एकत्र केल्यावर मतांमध्ये जास्त फरक दिसला.

तुम्ही वहीत दोनच रकाने ठेवा: आठवड्यातल्या एका ठरलेल्या सरावात किती टोमणे आले, आणि त्यातले किती दुसऱ्या मुलाने थांबवले. पहिल्या आठवड्यांत पहिला रकाना वाढू शकतो, कारण तोवर तुम्हाला ते ऐकूच येत नव्हते. दुसरा रकाना हलतो का ते बघा.

फक्कीची रेघ
आणि मुलींचा संघ त्याच मैदानावर असेल तर त्यांची वेळ तपासा. दिव्यांची संध्याकाळ मुलांना आणि चारचं ऊन मुलींना असेल तर १५ मिनिटांचं बोलणं पोरं ऐकतील, पण वेळापत्रकावरच विश्वास ठेवतील. एक आठवडा आड वेळ बदला, आणि बदल करणार असल्याचं मुलग्यांना आधी सांगा. त्या दिवशी होणारा आरडाओरडा हीच तेराव्या आठवड्याची चर्चा.

मैदानकर
मुलींना खरंच चारची वेळ आहे. सोमवारपासून बदलतो.