आकडी येऊन गेली, बीपी १७०/११०: रेफर करण्यापूर्वी किती मॅगसल्फ?

प्रसूतिकक्ष_रात्रपाळी
३४ आठवड्यांची गर्भवती. बीपी १७०/११०, लघवीत प्रथिनं, एक आकडी येऊन गेली. मोठं रुग्णालय दोन तासांवर. मॅगसल्फच्या (मॅग्नेशियम सल्फेट, आकडी रोखणारं औषध) ५०% अॅम्प्युल (२ मिलि = १ ग्रॅम), बीपी उतरवायला लॅबेटालॉलची इंजेक्शनं आणि निफेडिपिन १० मिग्रॅ हाताशी आहे, इन्फ्युजन पंप नाही. मॅगसल्फनंच बीपी उतरेल का? आणि श्वास मंदावेल या धास्तीनं अर्धा डोस देऊन पाठवलं तर?

स्त्रीरोग_विभाग
अर्धा डोस अजिबात नको. त्यानं रक्तातली पातळी पुरेशी चढत नाही आणि पुढची आकडी गाडीत येते. आधी डाव्या कुशीवर वळवा, तोंडातला स्राव सक्शननं काढा, ऑक्सिजन लावा. दात बळेच उघडून काहीही घालू नका.

शिरेतून ४ ग्रॅम: ४ अॅम्प्युल म्हणजे ८ मिलि, त्यात १२ मिलि सलाइन. हे २० मिलि किमान ५ मिनिटं घेऊन सावकाश द्या. ५०% औषध पातळ न करता शिरेत देणं ही सगळ्यात धोक्याची चूक. लगेच दोन्ही कुल्ह्यांत ५-५ ग्रॅम खोल स्नायूत, प्रत्येक सिरिंजमध्ये १० मिलि औषध आणि १ मिलि २% लिग्नोकेन (बधिर करणारं औषध). एकूण १४ अॅम्प्युल लागतात, आधीच मोजून ट्रेमध्ये ठेवा. पंप लागतच नाही. १५ मिनिटांनंतरही आकडी आली तर आणखी २ ग्रॅम शिरेतून. डायझेपामकडे धावू नका. १९९५ च्या मोठ्या चाचणीत आकडी पुन्हा येणं रोखण्यात मॅगसल्फच सरस ठरलं.

फिजिशियन_ऑनकॉल
मॅगसल्फ हे बीपीचं औषध नव्हे. १६०/११० किंवा त्याहून जास्त बीपीवर वेगळे उपचार लागतात, तेही तासाच्या आत, नाहीतर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. लॅबेटालॉल २० मिग्रॅ शिरेतून २ मिनिटांत. १० मिनिटांनी बीपी उतरलं नाही तर ४०, मग ८०. दमा, हार्ट फेल्युअर किंवा मंद नाडी असेल तर लॅबेटालॉल टाळा. मग निफेडिपिन, पण पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तरच, आणि जिभेखाली कधीच नाही. मॅगसल्फसोबत निफेडिपिन चालतं, बीपीवर मात्र लक्ष हवं.

बीपी १४०-१५०/९०-१०० च्या आसपास आणून थांबा. एकदम १२०/८० केलंत तर वारेकडचा रक्तपुरवठा तुटतो आणि बाळाचे ठोके पडतात.

प्रसूतिकक्ष_रात्रपाळी
लघवी कमी असेल तर लोडिंगही (सुरुवातीचा हा मोठा डोस) कमी करायचं का?

स्त्रीरोग_विभाग
नाही, लोडिंग पूर्णच. मॅग्नेशियम मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून लघवीचा प्रश्न येतो पुढच्या डोसला. तो दर ४ तासांनी ५ ग्रॅम, आलटून पालटून एकेका कुल्ह्यात. प्रत्येक वेळी आधी तीन गोष्टी पाहा: गुडघ्याचा रिफ्लेक्स आहे, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहेत, मागच्या ४ तासांत लघवी तासाला निदान ३० मिलि आहे. यातली एक जरी नसेल तर डोस थांबवा. पातळी वाढली की आधी रिफ्लेक्स जातो, श्वास त्यानंतर बंद पडतो, म्हणून हातोडी टाळू नका. एपिड्युरल (पाठीतून दिलेली भूल) दिलं असेल तर कोपराजवळचा रिफ्लेक्स पाहा.

श्वास मंदावला तर मॅगसल्फ बंद, कॅल्शियम ग्लुकोनेट १०% १० मिलि शिरेतून सावकाश, अँब्यू बॅगनं श्वास द्या. ही अॅम्प्युल गाडीत सोबतच्या सिस्टरच्या हाताशी असू द्या.

लेबररूम_सिस्टर
चिठ्ठीवर डोस, वेळ, कुठल्या कुल्ह्यात, शेवटचं बीपी, कॅथेटरमधली लघवी लिहा. हे नसेल तर पुढे कुणी लोडिंग पुन्हा देईल किंवा ४ तासांचा डोस चुकेल. सलाइन सगळं मिळून तासाला ८० मिलिच्या वर नको, फुफ्फुसांत पाणी भरतं.

आणि बाळंतपण झालं म्हणून मॅगसल्फ बंद करू नका. प्रसूती किंवा शेवटची आकडी, यातलं जे नंतरचं तिथून २४ तास चालू ठेवायचं. रक्तस्रावासाठी मेथर्जिन नको, ऑक्सिटोसिन वापरा. बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा चढतं, त्यामुळे डोकेदुखी किंवा डोळ्यांसमोर अंधारी आली तर ताबडतोब परत यायला सांगूनच घरी सोडा.