सुपरचार्जरचा बूस्ट आणि व्हॅक्यूम एकाच सेन्सरने लॉग करता येईल का?

प्रश्न: रूट्स प्रकारचा सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा, बेल्टवर चालणारा पंप) आहे, थ्रॉटल (हवेची झडप) त्याच्या आधी. आयडलचा व्हॅक्यूम (वातावरणापेक्षा कमी दाब) आणि फुल थ्रॉटलचा बूस्ट (वातावरणापेक्षा जास्त दाब) एकाच आलेखात हवेत. नळी कुठून घ्यावी, सेन्सर कोणता?

उत्तर १: ३ बारचा अॅब्सोल्यूट (पूर्ण निर्वातापासून दाब मोजणारा) सेन्सर घ्या, म्हणजे व्हॅक्यूम-बूस्ट दोन्ही एकाच रेषेत येतात. १ बारचा सेन्सर बूस्ट सुरू होताच वर टेकून सपाट होतो. नळी सुपरचार्जर आणि इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणारा भाग) पुढे, मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) मधल्या पोकळीतून घ्या. थ्रॉटल आणि सुपरचार्जर यांच्यामध्ये घेतलीत तर बूस्ट कधीच दिसणार नाही. तिथला दाब वातावरणाच्या वर जातच नाही. बायपास व्हॉल्व्हच्या (बूस्ट नको असताना हवा सुपरचार्जरला वळसा घालून जाऊ देणारी झडप) नळीत टी-जोड टाळा.

उत्तर २: ०.५ व्होल्टला ० आणि ४.५ ला ३०० किलोपास्कल देणारा सेन्सर असेल तर दाब = (व्होल्ट − ०.५) × ७५. इंजिन बंद, चावी ऑन: समुद्रसपाटीला साधारण १.८५ व्होल्ट दिसायला हवेत. त्याचा दाब (सुमारे १०१ किलोपास्कल) नोंदवा आणि बूस्टसाठी वाचनातून वजा करा. १७० वाचन म्हणजे सुमारे ७० किलोपास्कल, म्हणजेच १० पीएसआय. सेन्सरची ग्राउंड वायर लॉगरच्याच ग्राउंडला जोडा. बॉडीला जोडलीत तर पंखा, दिवे सुरू होताच वाचन सरकतं.

उत्तर ३: आरपीएम आणि थ्रॉटलही सोबत लॉग करा, नाहीतर आलेख वाचताच येत नाही. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना वरच्या आरपीएमला बूस्ट गळत असेल तर आधी बेल्ट घसरतोय का पाहा, मग बायपास नीट बंद होतोय का.