आजोबांची ८ मिमीची रिळं घरीच डीएसएलआरवर उतरवता येतील का?

कराडची_ऊर्मी

नमस्कार मंडळी. आजोबा कोयना प्रकल्पावर ओव्हरसियर होते. कुण्या साहेबाने जाताना दिलेला चावी भरायचा ८ मिमी कॅमेरा त्यांच्याकडे होता, आणि धरणाचं काम चालू असताना त्यांनी बरंच टिपून ठेवलंय. १४ रिळं आहेत, सगळी ५० फुटी, बहुतेक १९६०-६३ची. सोबत युमिग प्रोजेक्टर आहे, पण त्याचा रबरी पट्टा विरघळून काकवीसारखा झालाय. मामा म्हणतो, पट्टा बदल, भिंतीवर लाव आणि मोबाईलवर शूट कर. माझ्याकडे निकॉनचा साधा २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर आणि १८-५५ची किट लेन्स आहे. रिळं कुरिअरने कुठे पाठवायला आई अजिबात तयार नाही. घरी जमेल?

तापकीर_गल्ली

जमेल. पण मामांना आधी थांबवा. मूळ दिवा लावून, साठ वर्षं न चाललेली फिल्म त्या प्रोजेक्टरमधून पळवायची नाही. फिल्म आकसलेली असते, छिद्रं नखात नीट बसत नाहीत आणि एकदा अडकली की दिव्याखाली चौकट भाजून निघते.

प्रोजेक्टर मात्र फेकू नका, तोच आपलं यंत्र. दिवा काढा, मोटर काढा आणि शटरचं पातंही काढा, नाहीतर हळू फिरवताना तेच आडवं येईल. दिव्याच्या जागी चांगल्या सीआरआयचा (म्हणजे रंग खरे दाखवणारा) पांढरा एलईडी आणि त्याच्यापुढे दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा. एलईडीला साधा स्थिर डीसी द्या. मंद-प्रखर करायचा स्वस्तातला डिमर लावलात तर प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येईल.

मोटरऐवजी मिनिटाला ६० फेरे घेणारी १२ व्होल्टची गिअर मोटर. ही आमच्या पुण्यात बुधवार पेठेत कुठेही मिळते. ज्या दांड्याच्या एका फेऱ्याला एक चौकट सरकते त्याच्यावर छोटं लोहचुंबक चिकटवायचं, शेजारी रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जुळणारा), आणि त्याच्या दोन तारा तुमच्या मॉडेलच्या केबल रिलीजला, म्हणजे कॅमेऱ्याचं बटण लांबून दाबायच्या तारेला. फेरा पुरा झाला की कॅमेरा आपोआप खटक करतो. फिल्म थांबलेली असतानाच खटका पडायला हवा; तेवढं जुळवायला चुंबक मागेपुढे करावं लागतं. इथे घाई करू नका, बाकी सगळं याच्यावर आहे.

आता लेन्स. ८ मिमीची चौकट जेमतेम साडेचार मिमी रुंद. १:१ मॅक्रोने तुमच्या सेन्सरवर ती ११०० पिक्सेलच्या आसपास येईल, दुप्पट मोठी केली तर २३०० च्या घरात. त्यापुढे जाऊन हाती फक्त दाणे लागतात. किट लेन्स विसरा. कराडात एखादा जुना फोटो स्टुडिओ असेल तर माळ्यावर एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठे फोटो काढायचं यंत्र, पडलेला असणार. त्याची ५० मिमी लेन्स मागा, उलटी बसवा, मध्ये बेलोज (लांब-आखूड होणारा घडीचा भाता). दुपटीसाठी लेन्स सेन्सरपासून १५ सेंमीवर येते. अ‍ॅपर्चर एफ ४, फार तर ५.६. त्यापुढे बंद केलीत तर चित्र मऊ पडतं.

गिरगाव_ते_डोंबिवली

एवढा कारखाना कशाला उभारायचा? तीन पात्यांच्या शटरचा प्रोजेक्टर सेकंदाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश चौकटींवर आणला की पडद्यावर बरोब्बर ५० वेळा उजेड पडतो. कॅमेऱ्यात २५ फ्रेमचा व्हिडिओ, शटर १/५०. लुकलुक गायब! मी तसंच केलं, घरचे खूश आहेत.

आणि ताई, जुनी फिल्म पेट घेते म्हणतात, जपून.

तापकीर_गल्ली

वेग धरून ठेवणारा प्रोजेक्टर असेल तर तुमची पद्धत ठीक. युमिगचा वेग तापला की सरकतो, मग चित्र श्वास घेतल्यासारखं उजळतं-मंदावतं. शिवाय भिंतीवरून घेतलेल्या चित्रात कडेला अंधार आणि मधे चकाकी. बारशासाठी चालेल. धरणाच्या बांधकामासाठी मला नाही पटत.

पेट घेते ती नायट्रेट फिल्म, ३५ मिमीची. २००३ साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात राष्ट्रीय फिल्म अर्काइव्हची जी रिळं जळाली ती नायट्रेटचीच. ८ मिमी १९३२ मध्ये आली तेव्हापासून सेफ्टी बेसवरच, म्हणजे सहज पेट न घेणाऱ्या पट्टीवरच आहे. तिचा शत्रू आग नाही, व्हिनेगर आहे: पट्टी कुजायला लागली की तसा आंबट वास येतो. ऊर्मीताई, डबे उघडून वास घ्या.

कराडची_ऊर्मी

दोन डब्यांना आंबट वास येतोय! फिल्म थोडी कुरळीही झालीय. आणि सगळ्यांवर धूळ. घरात सॅनिटायझर आहे, त्याने पुसू का? शिवाय १४ रिळांचे एवढे फोटो कॅमेरा झेपेल?

तापकीर_गल्ली

सॅनिटायझर नको. त्यात पाणी असतं, चित्र धरणारा जिलेटिनचा थर फुगतो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल आणि चष्मा पुसायचं मऊ फडकं, खिडकी उघडी ठेवून. फिल्म फडक्यातून हळू ओढायची, घासायची नाही. जोड तपासा, सिमेंटचे जुने जोड हातात येतात. वासाची दोन रिळं आजच इतरांपासून वेगळी करा. डबे घट्ट बंद नकोत, हवा खेळू द्या, आणि उतरवायला तीच आधी घ्या. त्यांचं कुजणं थांबणार नाही.

कॅमेऱ्याचं गणित असं. फुटाला ८० चौकटी, म्हणजे ५० फुटांना ४०००. सोळाच्या वेगाने पडद्यावर चार मिनिटं, उतरवायला तासाहून थोडं जास्त. १४ रिळांचे ५६ हजार खटके. साध्या डीएसएलआरचं शटर लाखभर खटक्यांचं धरतात, तेव्हा अर्ध्याहून जास्त आयुष्य यातच जाईल. मिररलेस उसना मिळाला तर इलेक्ट्रॉनिक शटरवर फुकटात काम होतं. आणि रॉ घेऊ नका, एका रिळाला शंभर जीबी लागतील. जेपेग, व्हाइट बॅलन्स हाताने पक्का, एक्सपोजर मॅन्युअल.

लेन्सच्या बाजूने फोटो काढल्यामुळे चित्र खाली डोकं वर पाय दिसेल. नुसतं फिरवू नका, पाट्यांवरची अक्षरं उलटी राहतील. उभं फ्लिप करायचं, मग दोन्ही जागेवर येतात. जोडायला दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते. चौकट छिद्रासकट घ्या, थरथर काढताना छिद्रच धरायला लागतं. कापाकापी नंतर.

सह्याद्रीचा_वाटसरू

अवांतर: कोयनानगरची वसाहत त्यात असेल तर एक प्रत पुण्याच्या फिल्म अर्काइव्हला दाखवाच. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात तिथली बरीच घरं पडली. त्याआधीचं हलतं चित्रण कुणाकडे असेल?

कराडची_ऊर्मी

वसाहत आहे, आईने भिंगातून बघून शेजाऱ्यांची घरंसुद्धा सांगितली. मिररलेस चुलतभावाकडे आहे, तो लग्नाच्या ऑर्डरी संपल्यावर देणार. तापकीरकाका, रीड स्विचवर आकडे असतात का, की दुकानात नुसतं मागितलं तरी चालतं?

तापकीर_गल्ली

नुसतं मागा. काचेचा, नॉर्मली ओपन, म्हणजे चुंबक नसताना उघडा राहणारा. चार-पाच घ्या, वाकवताना फुटतात.